घड्याळाची नाडी

मंठ्याच्या बसस्टँडवर कुणी कुणाला वेळ विचारली की मला अजून मुरलीधर कंपौंडर आठवतात. त्यांना वेळ विचारणं हा छोटासा कार्यक्रमच असे. कंपौंडर आधी बाही वर सरकवत. मनगट छातीजवळ आणत, मग लांब धरत, मग पुन्हा जवळ आणत. त्यानंतर एक डोळा मिटून आभाळाकडे पाहत. शेवटी पानटपरीवाल्याला विचारत, "परतूरची गाडी गेली का रं?" आत्ताच गेली असं त्याने सांगितलं की ते बाही खाली ओढत आणि म्हणत, "सव्वादहा."

हे सगळं इतक्या भारदस्तपणे चाले की त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनात येत नसे. उभं आयुष्य दवाखान्यात काढलेला माणूस खातरजमा केल्याशिवाय बोलणार कसा, असंच सगळे समजत. मीही समजत होतो. एक्याऐंशी साली मी मंठ्याच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. ते तेव्हा नुकतेच सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले होते. अंगात पांढरा सदरा, खिशाला पेन, डोक्याला टोपी आणि गळ्यात स्टेथोस्कोप. हा स्टेथोस्कोप दवाखान्याने मोडीत काढला होता. त्याचं एका कानाचं रबर गेलेलं होतं, तिथे कंपौंडरांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला होता. माणसांची छाती तपासायचा हक्क निवृत्तीबरोबर गेला, म्हणून त्यांनी घड्याळं तपासायला घेतली.

आमच्या भागात तेव्हा नवरदेवाला मुलीकडून मनगटी घड्याळ द्यायची रीत होती. पोशाख चढवून झाला की मुलीचा भाऊ नवरदेवाच्या मनगटावर घड्याळ बांधायचा. पण बांधण्याआधी मुलाकडची वडीलधारी मंडळी ते पारखून घेत, आणि पारखायला कंपौंडरांना बोलावणं येई. त्यांना फेटा बांधत, पाटावर बसवत. ते घड्याळ पालथं करून मांडीवरच्या रुमालावर ठेवत, त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावत आणि डोळे मिटत. वाजंत्रीवाले आपोआप थांबत. पोरं रडायची थांबत नसत, पण त्यांना मांडवाबाहेर नेत.

घड्याळाला ते घडी म्हणत आणि निकाल चारच प्रकारचे देत. "असली", "चांगली", "संसारी" आणि "गेली". लग्नातल्या बहुतेक घड्याळांना "संसारी" हा निकाल मिळायचा. म्हणजे दिमाख नाही, पण नांदेल. हा शब्द ऐकला की दोन्हीकडचे खूश होत, कारण नवरीबद्दलही सगळ्यांची तेवढीच अपेक्षा असे.

घड्याळाचं झाकण त्यांनी कधी उघडलं नाही. पोट फाडणं हे सर्जनचं काम, आपण कंपौंडर, असं ते म्हणत. आजार मात्र आवाजावरून सांगत. एखाद्या घड्याळाला दमा असे, एखाद्यात थंडी भरलेली असे. एकाला मिरगी येते असं त्यांनी सांगितलं होतं, आणि ते घड्याळ खरोखरच मधूनमधून थबकत असे. पथ्यंही ते सांगत. चावी जेवणाआधी द्यावी, कारण जेवल्यावर माणूस फाजील जोर करतो. उशाशी ठेवू नये, कारण घोरणाऱ्याच्या संगतीत घड्याळ मागे पडतं.

त्यांचं निदान नेहमी बरोबर येई असं मात्र मुळीच नाही. आमच्या हेडमास्तरांनी मुंबईहून हौसेने एक स्विस घड्याळ आणलं. कंपौंडरांनी ते ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि खेदाने मान हलवली. स्विस घड्याळ टिकटिक करत नाही, टुकटुक करतं, आणि हे तर चक्क आपल्याकडची बोली बोलतंय, असं त्यांनी भर स्टाफरूममध्ये जाहीर केलं. हेडमास्तर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. घड्याळ पुढे वर्षानुवर्षं मिनिटभरही न चुकता चाललं. हेडमास्तर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मुद्दाम मनगट पुढे करून कंपौंडरांना ते दाखवलं. कंपौंडर म्हणाले, "नकली माणसं बी लई दिवस जगतात, सर."

एवढा अधिकार त्यांना मिळाला कशावरून, तर त्यांच्या स्वतःच्या घड्याळावरून. ते गोल, सोनेरी कडेचं, दुधाच्या सायीसारख्या तबकडीचं स्विस घड्याळ त्यांना जुन्या डॉक्टरसाहेबांनी दिलेलं. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, निजामाच्या राजवटीत नोकरीला लागलेले. बदली झाली तेव्हा गाडीत चढता चढता त्यांनी हातातलं घड्याळ उतरवून मुरलीधरच्या मनगटावर बांधलं आणि म्हणाले, "मुरली, दवा वक्त पर देना. और इसको हाथ से उतारना नहीं." ही गोष्ट कंपौंडर सांगत तेव्हा डॉक्टरसाहेबांचा आवाज काढत आणि दर वेळी शेवटच्या वाक्याला त्यांचा स्वतःचा आवाज कापत असे. घड्याळ ते खरंच उतरवत नसत. अंघोळीच्या वेळी डावा हात बाहेर काढून अंघोळ करत, असं गोदाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या.

मी आल्यावर दोन-तीन वर्षांतच ते डिजिटलचं प्रकरण झालं.

लग्न मंठ्यात, मुलाच्या दारी होतं. वऱ्हाड आलं होतं भोकरदनकडच्या हसनाबादहून. मुलीचा भाऊ रंगनाथ पंचविशीतला, अंगाने आडवा, बोलायला गरम, पण बहिणीवर जीव टाकणारा. सगळे देतात तसलं चावीचं घड्याळ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. मुंबईच्या दोस्ताकडून त्याने काळं डिजिटल घड्याळ मागवलं. काटे नाहीत, नुसते आकडे, आणि बटण दाबलं की आत दिवा. मांडवातल्या निम्म्या लोकांनी अशी वस्तू पहिल्यांदाच पाहिली. ते घड्याळ हातोहात फिरून कंपौंडरांच्या रुमालावर आलं.

त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. मग तोंडाला लावला. मग दोन्ही कुशींना लावला. वाजंत्री बंद असूनही त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि आणखी एकदा ऐकलं. मग कानातल्या नळ्या काढल्या आणि दवाखान्याच्या दारात नातेवाईकांना सांगावं तशा हळू आवाजात म्हणाले, "गेली."

बायकांनी तोंडाला पदर लावला. रंगनाथ पुढे आला. "अहो, गेली कशी? आकडे पळून राह्यलेत ना डोळ्यांसमोर."

"मेल्यावर केस अन् नखं वाढतातच," कंपौंडर म्हणाले.

मुलाच्या आजीने तर मेलेली घडी नातवाच्या हाताला लागू देणार नाही म्हणून त्याचा पाटच ओढून घेतला. रंगनाथाने घड्याळ वर धरून आकडे दाखवले, दिवा लावून दाखवला, त्याने ती आणखीच घाबरली. शेवटी तो बाजारात पळाला, मिळालं ते चावीचं घड्याळ घेऊन आला, त्याला "संसारी" निकाल मिळाला आणि मुहूर्त टळून गेल्यावर अक्षता पडल्या. निघताना रंगनाथ कंपौंडरांपुढे उभा राहिला. ते काळं घड्याळ त्याने स्वतःच्या मनगटावर चढवलं होतं.

"कंपौंडरसाहेब, तुमची बी पाळी येईल एक दिवस," एवढंच तो म्हणाला.

त्याची बहीण छान नांदली. डिजिटल घड्याळं पुढे गल्लोगल्ली झाली, शाळेतल्या पोरांच्या हातातही आली. कंपौंडरांनी निकाल काही फिरवला नाही. आजकाल पोरंही मेलेल्या घड्या घालतात, एवढंच ते म्हणत. लग्नांतली बोलावणी मात्र हळूहळू कमी झाली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या धाकट्या लेकीला, मंदाला, स्थळ आलं. मंदाला मी शाळेत शिकवलेली. चुणचुणीत पोरगी, आणि मुलगाही तिला मनापासून आवडला होता. तो शेतकी खात्यात होता. मुलाला वडील नव्हते, चुलत्यानेच वाढवलेला. बैठकीला चुलते आत आले तेव्हा मी पाणी देत होतो. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण मनगटावर तेच काळं घड्याळ. रंगनाथराव.

कंपौंडरांनी त्यांना ओळखलं आणि ते न बसता उभेच राहिले. रंगनाथराव मात्र अतिशय गोड बोलले. देणंघेणं काही नको, मानपान नको, पोरगी लाखात एक आहे. फक्त एक मागणं आहे. नवरदेवाला घड्याळ द्याल ते नवीन नको, कंपौंडरसाहेबांच्या हातातलं द्यावं. आणि रीतीप्रमाणे मांडवात पारखून द्यावं. पारखणारा सगळ्या तालुक्यात एकच माणूस आहे, तेव्हा त्यांनीच पारखावं.

बैठकीतले सगळे धन्य धन्य म्हणाले. केवढा हा मान! कंपौंडरही हात जोडून हसले. पण ते हसणं मला बरं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या ओट्यावर आले. त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानात अडकवला आणि दुसरं टोक स्वतःच्या घड्याळाला लावलं. मी बराच वेळ ऐकलं. पलीकडच्या गिरणीचा पट्टा ऐकू आला, त्यांच्या हाताची नाडी ऐकू आली. घड्याळ काही बोलत नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही मंठ्यात आल्ता ना, त्याच्या आधल्या वर्षापासून."

डॉक्टरसाहेबांनी हातातून उतरवू नको म्हटलेलं, म्हणून ते घड्याळासकट म्हशीखाली बसायचे. एक दिवस म्हशीने लाथ झाडली, हात गोठ्याच्या दगडी खांबावर आपटला आणि घड्याळ थांबलं. भरल्या दुधाची म्हैस त्यांनी रागाने दुसऱ्या दिवशी विकून टाकली होती, ती का विकली हे कोडं गल्लीला आजवर सुटलं नव्हतं. म्हणजे मंठ्यात आल्यापासून मी जी जी वेळ त्यांच्याकडून घेतली होती, ती सगळी परतूरच्या गाडीची होती. आणि रंगनाथरावांचं घड्याळ मेलं म्हणून सांगणाऱ्याच्या स्वतःच्या मनगटावर तेव्हा काय बांधलेलं होतं, तेही आता कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला हसू आवरेना. पण कंपौंडरांच्या डोळ्यांत पाणी उभं होतं, म्हणून मी ते आवरलं.

त्यांची अडचण खरी होती. मांडवात चालू आहे म्हणावं, तर जन्मभर ते घड्याळाबद्दल एकदाही जाणूनबुजून खोटं बोलले नव्हते. गेली म्हणावं, तर मेलेली घडी नवरदेवाला चालत नाही हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. रंगनाथराव उठून चालते झाले असते आणि मंदा हळदीच्या अंगाने घरात राहिली असती. इकडे आड, तिकडे विहीर. गोदाकाकूंचा सल्ला सोपा होता. "संसारी म्हणा अन् मोकळे व्हा," त्या आतून म्हणाल्या. त्यांना म्हैस विकली तेव्हाच सगळं कळलं होतं.

मी कंपौंडरांना जालन्याला घेऊन गेलो. तिथे एक जुने घड्याळजी होते. झाकण उघडायला कंपौंडरांनी फार नाइलाजाने परवानगी दिली, आणि ते उघडताना ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभं राहावं तसे दुकानाच्या पायरीवर पाठ करून उभे राहिले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ उजेडाकडे फिरवून फिरवून पाहिलं. मग म्हणाले की घड्याळ अस्सल आहे, बनलं तेव्हापासून त्याला कुणाचा हात लागलेला नाही, असं आजकाल बघायला मिळत नाही. आतला केसासारखा बारीक दांडा मोडलाय. तो अस्सल काही मिळायचा नाही. पण दुसऱ्या एखाद्या घड्याळाचं पोट काढून यात बसवता येईल. बाहेरून कुणाला कळणारसुद्धा नाही.

किमतीचं त्यांनी सांगितलं ते तर आणखी मजेशीर. आहे असं बंद दिलं तर मुंबईचा एखादा शौकीन त्याच्या बदल्यात नवी मोटारसायकल देईल. पोट बदलून चालू केलं तर सायकलही देणार नाही.

कंपौंडर पायरीवरून वळले. "असली म्हणाले ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरपासून सगळ्यांना आपलं घड्याळ असली निघाल्याचं सांगितलं. आपण कशासाठी गेलो होतो हे त्यांना वाटूर फाट्याला आठवलं. मी त्यांना समजावलं की पोट बसवून घ्या काका, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, आत काय आहे ते कोण पाहतंय.

"वरून डॉक्टरसायबाची अन् आतून भलत्याचीच," ते म्हणाले. "असल्या माणसाला मी माझी पोरगी दिली असती का, सर?"



लग्न शाळेच्या पटांगणात झालं. हसनाबादचं वऱ्हाड दोन ट्रक भरून आलं होतं. सासऱ्याचं घड्याळ सासरा स्वतःच पारखणार, ही बातमी पसरली होती, त्यामुळे निमंत्रण नसलेलेही बरेच आले होते. कंपौंडरांना फेटा बांधला, पाटावर बसवलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ उतरवलं. मी त्यांचं ते मनगट पहिल्यांदा मोकळं पाहिलं. तिथे पांढरा पट्टा पडला होता.

रुमाल पसरला. स्टेथोस्कोप लावला. डोळे मिटले. समोर बोहल्याजवळ मंदा उभी होती, मान खाली, दोन्ही मुठी घट्ट. तिच्या आईने तिला आदल्या दिवशी सांगून टाकलं होतं. कंपौंडरांनी नेहमीइतकाच वेळ घेतला, एक क्षण कमी केला नाही. मनातल्या मनात मी त्यांना संसारी म्हणा, संसारी म्हणा असं विनवत होतो.

त्यांनी कानातून नळ्या काढल्या.

"असली हाये," ते म्हणाले. मांडवात समाधानाची कुजबुज झाली. त्यांनी हात वर केला. "असली हाये. पण गेली. लई वर्षं झाली जाऊन."

मांडव चिडीचूप झाला. मुलाकडच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. रंगनाथराव सावकाश उठले, कंपौंडरांसमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी स्टेथोस्कोप मागितला. तो स्वतःच्या कानात घातला, घड्याळाच्या पाठीला लावला, मग तोंडाला, मग दोन्ही कुशींना. एवढ्या वर्षांत ते काहीही विसरले नव्हते. हातही वर करून त्यांनी गप्प झालेल्या मांडवाला पुन्हा गप्प केलं.

"निदान बराबर हाय," ते म्हणाले. आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. डोळे पुसून त्यांनी आपल्या मनगटावरचं काळं घड्याळ सोडलं. "तुम्ही मेली म्हणले ना, त्या दिवसापासून मी हिला मरू दिलं न्हाई. अन् तुमच्या घडीचे काटे हालत न्हाईत, हे बी त्याच मांडवात पाह्यलं होतं. सेल बदलाया दर खेपंला जालन्याला जात आलोय. आज चालू हाय म्हणले असते ना साहेब, तर मांडवातून पोरगं उठवून नेणार होतो." त्यांनी ते घड्याळ कंपौंडरांच्या पांढऱ्या पट्ट्यावर बांधलं. "तुमची मेलेली आमच्या घरी, आमची मेलेली तुमच्या घरी. फिट्टंफाट."

एका म्हातारीने तरीही विचारलंच की बंद घड्याळ नवरदेवाने काय पाहायचं. रंगनाथराव म्हणाले की लग्न झाल्यावर नवऱ्याला वेळ बायकोच सांगते. मंदा तेव्हा मान वर करून हसली, तिला हसू आवरेना, आणि हसताहसताच ती रडली. कंपौंडर मात्र आपल्या मनगटाकडे बघत बसले होते. एखाद्या वैऱ्याचं पोर मांडीवर ठेवलं तर माणूस कसा बसेल, तसे.

पुढे माझी बदली झाली. दोन हजार सालानंतर कधीतरी मी कामाने मंठ्यावरून चाललो होतो, गाडी बदलायला बसस्टँडवर उतरलो, तर बाकावर कंपौंडर. अगदी वाळले होते. गोदाकाकू वारल्या होत्या. त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं, कानाशी ओरडून नाव सांगितलं तेव्हा त्यांनी मला ओळखलं. जावई चांगला आहे, घड्याळ रोज बांधतो, असं त्यांनी सांगितलं. जावयालाही आता वेळ विचारली की तो आभाळाकडे बघतो म्हणे.

त्यांच्या मनगटावर ते काळं डिजिटल होतं आणि कानात स्टेथोस्कोप. इतकी वर्षं ते पेटीत पडून होतं, कान गेल्यावर त्यांनी ते काढून बांधलं आणि तेव्हापासून रोज सकाळी इथे बसून ऐकतात, असं पानटपरीवाला मला म्हणाला. ते घड्याळ दर तासाला वाजतं हे सगळ्या स्टँडला माहीत होतं. कंपौंडरांना मात्र वरून ऐकू येत नव्हतं, आणि नळी लावायची वेळ नेमकी कधी जुळली नव्हती. कुणी त्यांना सांगितलंही नव्हतं, कारण ओरडून सांगायला सगळ्यांनाच जिवावर येई.

"काही बोलतीय का?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. घड्याळावर आकडे बदलले आणि बारा झाले. त्या क्षणी कंपौंडर बाकावरून उडालेच. दोन बारीक शिट्ट्या नळीतून थेट त्यांच्या कानात गेल्या असणार. त्यांनी माझा दंड धरला.

"जित्ती हाय," ते म्हणाले. मग मोठ्याने, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं, "जित्ती हाय ही." आणि मग मला, "सर, हसनाबादला एक निरोप धाडा. रंगनाथरावांना म्हणावं, कंपौंडरचं निदान चुकलं."

मी धाडतो म्हणालो. माझी गाडी लागली होती. मी चढलो, खिडकीशी बसलो. खाली एका बाईने पिशवी सावरत कंपौंडरांना खुणेने वेळ विचारली. त्यांनी बाही वर सरकवली. समोर ठसठशीत आकडे होते. त्यांनी मनगट जवळ आणलं, लांब धरलं, एक डोळा मिटून आभाळाकडे पाहिलं, आणि पानटपरीकडे वळून विचारलं, "परतूरची गाडी गेली का रं?"